विश्लेषण : विमानातील खिडकी उघडी ठेवायची की बंद? ऊन कोणाचे, झोप कोणाची?

मुंबईहून मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात सात-आठ तासांनी एक प्रसंग हमखास घडतो. जेवणे आटोपलेली असतात, दिवे मालवलेले असतात, बहुतेकांनी ब्लँकेट डोक्यावर ओढलेले असते. तेवढ्यात खिडकीजवळचा एक प्रवासी खिडकीची शेड वर सरकवतो आणि उन्हाचा झोत थेट पलीकडच्या प्रवाशाच्या तोंडावर पडतो. एक जण चिडतो, दुसरा ‘खिडकीचे जादा पैसे भरलेत’ म्हणतो आणि मधल्या सीटवरचा तिसरा दोघांच्या कात्रीत सापडतो. वाद दोन मिनिटांत मिटतो किंवा उरलेले सात-आठ तास धुमसत राहतो. यात चूक कोणाची? नियम काय आहेत, शरीराचे म्हणणे काय आणि शहाणपण कशात आहे, याचा हा आढावा.

एकाच विमानात तीन घड्याळे?

वादाचे मूळ उद्धटपणात कमी आणि घड्याळात जास्त आहे. जून महिन्यात मुंबईहून रात्री दीडच्या सुमारास निघालेल्या विमानाचे उदाहरण घेऊ. आठ तासांनी भारतात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. घरी असता तर या वेळेला दुसरा चहा झाला असता. न्यूयॉर्कमध्ये मात्र तेव्हा मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात, कारण उन्हाळ्यात तेथील घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. खिडकीबाहेर, पश्चिम युरोपच्या आसपास, नुकतेच उजाडलेले असते.

म्हणजे एकाच रांगेत बसलेल्या तिघांची वेळ वेगवेगळी असू शकते. सुट्टीसाठी मुलाकडे निघालेल्या गृहस्थांचे शरीर अजून भारतीय वेळेवर आहे. त्यांची झोप झाली आहे आणि त्यांना बाहेर पाहायचे आहे. सकाळी उतरून थेट कार्यालय गाठायचे असलेल्या तरुणीने मनाने न्यूयॉर्कची वेळ धरली आहे. तिच्यासाठी ही रात्रीची झोप आहे. तिसऱ्याला नेमके किती वाजले आहेत, याचाच पत्ता नाही. तिघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. अडचण एवढीच की खिडकी एक आहे आणि तिच्यातून येणारा उजेड सगळ्यांच्या वाट्याला येतो.

सूर्य पाठ का सोडत नाही?

पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानात दिवस लांबतो, हे अनेकांनी अनुभवलेले असते. त्यामागचे गणित सोपे आहे. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर असतो, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १,५८० किलोमीटर. उत्तरेकडे सरकावे तसा तो कमी होत जातो आणि ५७ अंश अक्षांशाच्या आसपास ताशी ९०० किलोमीटरवर येतो. मोठ्या प्रवासी विमानाचा वेगही जवळपास तेवढाच असतो. त्यामुळे उत्तर अटलांटिकवरून पश्चिमेकडे उडणारे विमान सूर्याच्या जवळजवळ बरोबरीने धावते. लंडनहून दुपारी निघालेल्या प्रवाशाला न्यूयॉर्कपर्यंत दुपारच सोबत करते. मुंबईहून निघालेल्यांची पहाटही अशीच तासन् तास रेंगाळते.

उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमाने त्याहून उत्तरेकडून, ध्रुवाच्या जवळून जातात. आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे जूनच्या अखेरीस सूर्य मावळतच नाही. अशा प्रवासात केबिनमध्ये रात्र हवी असेल, तर ती शेड खाली ओढूनच तयार करावी लागते. दिवे मालवल्यावर कर्मचारी शेड बंद करायला सांगतात, ते यासाठीच.

एवढ्याशा उजेडाने झोप का मोडते?

उजेड डोळ्यांना फक्त दिसण्यासाठी लागत नाही. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात, की त्यांचे मुख्य काम मेंदूला ‘आता दिवस आहे’ एवढे कळवणे हेच आहे. हा निरोप मेंदूतील मुख्य जैविक घड्याळाकडे जातो. झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक अंधारात स्रवते आणि उजेडात त्याला लगाम बसतो. पेशींमधील हे घड्याळ नेमके कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता आकडे पाहा. नेहमीच्या कार्यालयात साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. भर उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात जातो. ३५,००० फुटांवर विमान बहुतेक ढगांच्या वर असते. खालच्या पांढऱ्या ढगांवरूनही ऊन परावर्तित होऊन आत येते. पापण्या मिटल्या तरी त्यातून थोडा उजेड झिरपतोच. त्यामुळे ‘डोळे मिटून घ्या की’ हा सल्ला फारसा उपयोगाचा नाही.

त्यात विमानातील झोप आधीच कच्ची. बसल्या जागी मान अवघडते. केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. हवा कोरडी असते, इंजिनाची घरघर चालूच असते. इतक्या अडथळ्यांतून लागलेली झोप एकदा मोडली की पुन्हा लागणे कठीण. ज्याला उतरल्यावर दोनशे किलोमीटर गाडी चालवायची आहे किंवा रुग्णालयातील नातेवाइकाजवळ रात्र काढायची आहे, त्याच्यासाठी ती दोन-तीन तासांची झोप ही चैन नसते.

उड्डाणाच्या वेळी मात्र शेड उघडी का ठेवायला सांगतात?

इथे प्रश्न सौजन्याचा नाही, सुरक्षेचा आहे. उड्डाण आणि लँडिंग हे प्रवासातील सर्वांत जोखमीचे टप्पे. काही विपरीत घडले तर बाहेर आग कोणत्या बाजूला आहे, कोणते दार उघडणे सुरक्षित आहे, हे कर्मचाऱ्यांना क्षणात कळावे लागते. बाहेरून येणाऱ्या बचाव पथकालाही आतले दिसावे लागते. शिवाय उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. आतला आणि बाहेरचा उजेड सारखा असेल, तर तेवढा वेळ वाया जात नाही. रात्रीच्या उड्डाणावेळी आतले दिवे मंद करतात, त्याचेही कारण हेच.

मोठ्या प्रवासी विमानाला मंजुरी देताना निम्मी दारे बंद धरून, अंधारात, ९० सेकंदांत सर्वांना बाहेर काढता येते का, याची चाचणी घेतली जाते. प्रत्यक्षातही निम्मी दारे वापरता येतीलच असे नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर झाली. पेटलेल्या प्रवासी विमानातील ३७९ जण सुखरूप बाहेर पडले. त्यासाठी आठपैकी तीनच दारे वापरता आली, कारण उरलेल्यांबाहेर धोका होता. बाहेर काय चालले आहे ते दिसणे किती मोलाचे असते, हे अशा वेळी कळते.

भारतात मध्यंतरी याच्या नेमकी उलट सूचनाही निघाली होती. मे २०२५ मध्ये, पाकिस्तानबरोबरच्या संघर्षानंतर, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, संरक्षण दलांच्या विमानतळांवर ये-जा करताना १०,००० फूट उंचीपर्यंत शेड बंद ठेवण्याचा आदेश दिला. विशेष भर पश्चिम सीमेजवळच्या विमानतळांवर होता. आपत्कालीन दारांजवळच्या खिडक्या तेवढ्या त्यातून वगळल्या होत्या. हेतू हा, की लष्करी तळाची छायाचित्रे निघू नयेत. शेड उघडी असो वा बंद, या टप्प्यात कर्मचारी सांगतील ते अंतिम. इथे ‘माझी खिडकी’ हा युक्तिवाद चालत नाही.

मग मधल्या तासांसाठी नियम आहे का?

रेल्वेने असाच एक जुना वाद लिखित नियमाने सोडवला आहे. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच उघडायचा. एरवी खालच्या बर्थवर सगळ्यांनी बसायचे. भांडण झाले तर टीसी घड्याळ दाखवू शकतो. विमानाच्या खिडकीसाठी असे वेळापत्रक नाही आणि ते करणेही अवघड आहे, कारण विमानात ‘रात्री १०’ म्हणजे कुठले १०, हाच प्रश्न आहे.

त्यामुळे उरतो तो रिवाज. खिडकीच्या सीटवर बसलेल्याच्या हाती शेड असते, आणि केबिन अंधारात असताना कर्मचारी ती बंद ठेवण्याची विनंती करतात. ही विनंती बहुतेक प्रवासी मानतात. न मानणाऱ्याला कर्मचारी दुसऱ्यांदा येऊन सांगतात. मामला चिघळला तर मात्र नियम येतो. बेशिस्त प्रवाशांबाबत डीजीसीएने २०१७ मध्ये केलेल्या नियमांत वर्तनाच्या तीन पातळ्या आहेत. शाब्दिक गैरवर्तन ही पहिली पातळी. तिच्यासाठी तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी होऊ शकते. शारीरिक धक्काबुक्की झाली तर ही मुदत सहा महिन्यांपर्यंत जाते. जीविताला धोका निर्माण करणारे वर्तन तिसऱ्या पातळीत येते आणि तिथे बंदी किमान दोन वर्षांची आहे. शेडवरून सुरू झालेली बाचाबाची हमरीतुमरीवर आली, तर ती या चौकटीत बसू शकते.

खिडकी उघडी ठेवणाऱ्याची बाजू काय?

झोपणाऱ्याची बाजू लगेच पटते, कारण तो त्रासलेला दिसतो. पण खिडकी उघडणारा प्रत्येक जण बेपर्वा नसतो. विमान लागणाऱ्या काही प्रवाशांना क्षितिज दिसत राहिले की बरे वाटते; कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा आणि डोळे यांचे म्हणणे जुळले की मळमळ कमी होते. बंद जागेची भीती असलेल्यांना बाहेरचे आकाश दिसले तर धीर येतो. काहींना नव्या देशाच्या वेळेशी जुळवून घेण्यासाठी मुद्दाम जागे राहायचे असते आणि त्यासाठी उजेडासारखे साधन नाही.

आणि एक प्रवासी असा असतो, ज्याच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. सत्तरीतील आजी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेल्या असतात. नातवंडाच्या बाळंतपणासाठी किंवा लेकाच्या नव्या घरासाठी त्या सातासमुद्रापार निघालेल्या असतात. ‘आईला खिडकी मिळू दे’ म्हणून मुलाने जादा पैसे भरून ती जागा घेतलेली असते. खाली बर्फाचे डोंगर दिसतात आणि मागून आवाज येतो, ‘शेड डाउन प्लीज.’ सूर असा, की आपल्या हातून काही मोठा गुन्हा घडला असे त्यांना वाटावे. शेड कधी बंद करायची असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मग उरलेला प्रवास त्या खिडकीला हात लावत नाहीत.

छोट्या शहरांतून पहिल्यांदा उडणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे. ‘उडान’ योजनेची विमाने २०१७ पासून उडू लागली आणि नांदेड, जळगाव, कोल्हापूरसारखी ठिकाणे विमानाच्या नकाशावर आली. नेहमी उडणाऱ्यांना जे रिवाज अंगवळणी पडले आहेत, ते नव्यांना ठाऊक असतीलच असे नाही. माहीत नसणे आणि मुद्दाम त्रास देणे यांतला फरक ओळखणे, हाही सौजन्याचाच भाग आहे.

बटणाच्या खिडक्यांनी प्रश्न सुटला का?

अर्धाच. बोइंग ७८७ ड्रीमलायनर हे विमान ऑक्टोबर २०११ मध्ये प्रवासी सेवेत आले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात दाखल झाले. त्यात सरकती शेड नाही. दोन काचांमध्ये एक विशेष जेल असते. बटण दाबले की विजेच्या सौम्य दाबाने तिचा रंग गडद होत जातो. उजेडाच्या पाच पायऱ्या मिळतात. काच निळसर काळी झाली तरी बाहेरचे अंधूक दिसत राहते, म्हणजे झोपणारा आणि पाहणारा या दोघांनाही थोडे-थोडे मिळते. शिवाय कर्मचारी एका जागेवरून सगळ्या खिडक्या गडद करू शकतात.

पण त्यातून नवी तक्रार जन्माला आली. दिवसभराच्या उड्डाणातही सगळ्या खिडक्या गडद करून टाकल्या, तर ज्याने खिडकीसाठीच ती जागा घेतली त्याने काय करायचे? पूर्वी हा प्रश्न शेजाऱ्याला विचारून सुटायचा. आता बटण दाबले तरी काच उजळत नाही. सूर्य थेट समोर असेल, तर गडद काचेतूनही त्याचे तेज जाणवते, ही झोपणाऱ्यांची तक्रार आहेच. यंत्राने भांडण कमी केले, पण ठरवायचे कोणी, हा प्रश्न प्रवाशाकडून कर्मचाऱ्याकडे गेला एवढेच.

प्रवाशांनी काय पाळावे?

मोठ्या विमानात अनेकदा एका रांगेत नऊ सीट असतात, आणि खिडक्या दोघांच्याच हाती. म्हणजे दोघांचा निर्णय नऊ जणांना, तिरप्या उन्हात तर मागच्या-पुढच्यांनाही सोसावा लागतो. त्यावरून काही साध्या गोष्टी ठरवता येतात.

* दिवे मालवलेले असतील तर अंधार ही सगळ्यांची ठेव समजावी. बाहेर पाहायचे असेल तर शेड चार बोटे उघडावी, पाहून झाले की खाली घ्यावी. कर्मचाऱ्यांना विचारून दाराजवळच्या छोट्या खिडकीतूनही पाहता येते.

* दिवे लागलेले असतील, जेवण सुरू असेल किंवा मुंबई-नागपूरसारखा दीड तासाचा दिवसाचा प्रवास असेल, तर खिडकीवाल्याची इच्छा आधी. झोपायचे असेल त्याने डोळ्यांवरची पट्टी सोबत ठेवावी. मात्र ऊन थेट कोणाच्या तोंडावर येत असेल, तर शेड अर्धी खाली घेण्यात कमीपणा नाही.

* खिडक्या आणि सीट यांच्या रांगा नेहमी जुळत नाहीत. एखादी खिडकी दोन रांगांच्या मध्ये येते. तिच्यावर पुढच्याचा आणि मागच्याचा सारखाच हक्क. हात लावण्याआधी एकदा विचारावे.

* झोपलेल्या शेजाऱ्याच्या अंगावरून हात लांबवून शेड ओढू नये, मग ती बंद करण्यासाठी असो वा उघडण्यासाठी. त्याला उठवायचे नसेल आणि राहवत नसेल, तर कर्मचाऱ्याला सांगावे.

* उत्तर गोलार्धात पश्चिमेकडे जाताना दुपारचे ऊन बहुधा डाव्या बाजूने येते, पूर्वेकडे जाताना उजव्या. तिकीट काढतानाच हे ध्यानात ठेवले, तर ज्याला खिडकी उघडी हवी त्याला सावलीची बाजू निवडता येते. मग बाहेरचे पाहताना कोणाच्या डोळ्यांवर ऊन पडत नाही.

* शेड बंद करायला लावून स्वतः मात्र मोबाइल पूर्ण उजेडावर ठेवून रील पाहत बसणे, हा दुटप्पीपणा आहे. अंधार मागणाऱ्याने आधी आपला पडदा मंद करावा.

शेवटी प्रश्न खिडकीचा की माणसांचा?

‘पैसे मी भरले’ हे वाक्य ऐकायला बिनतोड वाटते. पण पैसे सीटचे भरलेले असतात, सूर्याचे नव्हे. खिडकीची जागा विकत घेता येते. तिच्यातून दुसऱ्याच्या डोळ्यांवर पडणारा उजेड त्या तिकिटात येत नाही. दुसऱ्या बाजूने, झोप हवी म्हणून आजूबाजूच्या सगळ्यांनी पंधरा तास अंधारात बसावे, ही अपेक्षाही कोणत्याच तिकिटावर छापलेली नसते.

महाराष्ट्राला हा तिढा नवा नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा प्रवासी आणि पावसाचे शिंतोडे अंगावर येणारा त्याचा शेजारी, हा सामना कित्येक पिढ्यांनी पाहिला आहे. तो सुटायचा तो एका वाक्याने : ‘दादा, काच जरा लावून घेता का?’ या वाक्यात खिडकी त्याची आहे हे मान्य केलेले असते आणि त्रास आपल्याला होतो आहे हेही सांगितलेले असते. विचारलेल्याला ‘हो’ म्हणणे सोपे जाते, कारण त्याचा हक्क कोणी हिसकावलेला नसतो.

विमानात हे वाक्य हरवले आहे. त्याची जागा कुठे तुसड्या आवाजातील हुकमाने घेतली आहे, कुठे कानात इअरफोन घालून मारलेल्या गप्पेने. विमान कंपन्यांनी सुरक्षेच्या सूचनांबरोबरच ‘दिवे मालवल्यावर खिडक्या बंद ठेवाव्यात आणि का’ एवढे एक वाक्य प्रवाशांना कळेल अशा भाषेत सांगितले, तर पहिल्यांदा उडणाऱ्यांची कुचंबणा टळेल आणि कर्मचाऱ्यांचाही त्रास वाचेल. बाकीचे काम प्रवाशांचे आहे. ‘आजी, थोडा वेळ खाली घेता का? नंतर डोंगर आले की उघडू’ असे म्हणायला पाच सेकंद लागतात. त्यात एकाची झोप वाचते आणि दुसऱ्याचे डोंगरही.